जमीन पाहून सायकल

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिचे सुटे भाग यांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. मोटारी, दूरचित्रवाणी संच, वातानुकूलन यंत्रे यांच्या किमती किती उतरल्या याचे रकानेच्या रकाने त्या दिवसांत छापून आले. सायकलीच्या वाट्याला फार तर एखादी ओळ आली. त्यात नवल नाही. ज्या वस्तूची मोठी जाहिरात होत नाही, तिची मोठी बातमीही होत नाही. पण आमच्या जालन्यासारख्या जिल्ह्यात, जिथे पोराला दहावीत गेल्यावर सायकल घेऊन देणे हा आजही घरातला लहानसा सण असतो, तिथे या एका ओळीला किंमत आहे. कर सोडून दहा हजार रुपयांची सायकल पूर्वी ११ हजार २०० रुपयांना पडत असे, ती आता साडेदहा हजारांना पडायला हवी. बचत सातशे रुपये. दुकानदाराने ती गिऱ्हाइकापर्यंत पोहोचू दिली, असे धरून चालू. मग या सातशे रुपयांचे काय करायचे?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण तो नीट सोडवला, तर दोन-चार वर्षे सायकल धावते. नाही सोडवला, तर ती सहा महिन्यांत जिन्याखाली जाते. आपल्या ओळखीच्या घरांतून जिन्याखाली, गच्चीवर, पडवीत उभ्या असलेल्या, हवा गेलेल्या, साखळी गंजलेल्या सायकली वाचकांनी जरा मोजून पाहाव्यात. त्यातल्या बहुतेक 'माउंटन बाइक' म्हणून घेतलेल्या असतात.

जालन्याच्या बाजारात आज सायकलीच्या दुकानात जा. दर्शनी भागात जी उभी असते तिला जाड टायर असतात, पुढच्या चिमट्यात शॉकअप असतो, बहुधा दांड्याच्या मधोमध आणखी एक स्प्रिंग असते, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि अंगावर '२१ गियर' असे ठळक अक्षर. काळी, चोवीस इंची किंवा अठ्ठावीस इंची साधी सायकल मागच्या भिंतीला टेकून असते. मुलगा पहिलीकडे धावतो, वडील दुसरीकडे पाहतात आणि शेवटी मुलगा जिंकतो. मुलाचे चूक आहे असे मला वाटत नाही. मोटारसायकलसारखी दिसणारी सायकल कोणाला आवडणार नाही? चूक आहे ती खर्चाच्या क्रमात.

हा क्रम समजून घ्यायचा तर ही सायकल मुळात आली कुठून ते पाहावे लागते. १९७० च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या जड सायकली घेऊन माउंट टॅमलपायस नावाच्या डोंगरावरून मातीच्या वाटेने खाली सुटत. १९७६ पासून तिथे 'रीपॅक' नावाची शर्यत सुरू झाली. नाव का पडले ते मजेशीर आहे. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबमध्येच असे. एका उतारात तो इतका तापे, की आतले ग्रीस जळून जाई आणि हब खोलून पुन्हा ग्रीस भरावे लागे. मग या मंडळींनी एकेक भाग बदलायला घेतला. आधी ब्रेक बदलले, त्यांना मोटारसायकलचे लिव्हर लावले. मग चढ चढता यावा म्हणून गियर बसवले. चांगल्या पकडीचे टायर शोधले. जुन्या सांगाड्यांना तडे जाऊ लागले, तेव्हा जो ब्रीझ, टॉम रिची यांच्यासारख्यांनी नवे सांगाडे बनवले. १९८१ मध्ये 'स्टम्पजम्पर' ही कारखान्यात मोठ्या संख्येने तयार झालेली माउंटन सायकल आली. १९८२ मध्ये जपानच्या शिमानो कंपनीने खास या सायकलींसाठी भागांचा संच काढला. आणि पुढच्या चिमट्यातला पहिला यशस्वी शॉकअप बाजारात आला तो १९८९ च्या सुमारास. १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाचा समावेश झाला, तेव्हाही पुष्कळ स्पर्धकांच्या सायकलींना मागची स्प्रिंग नव्हती.

म्हणजे ज्यांनी ही सायकल जन्माला घातली त्यांनी आधी ब्रेक, मग गियर, टायर आणि सांगाडा, आणि सर्वांत शेवटी स्प्रिंग असा प्रवास केला. आपल्याकडच्या दहा हजारांच्या सायकलीत हा क्रम नेमका उलटा झाला आहे. स्प्रिंग सगळ्यात आधी, कारण ती दिसते. ब्रेकची गादी, हबातले छर्रे, रिमची ताकद ही सगळ्यात शेवटी, कारण ती दिसत नाहीत. ठरावीक पैशांत दोन शॉकअप, दोन डिस्क आणि एकवीस गियर बसवायचे, तर कुठेतरी काटकसर होणारच. ती नेमकी जिथे जीव टांगलेला असतो तिथे होते.

आता आपली जमीन पाहू. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. आठ तालुके. उत्तरेला भोकरदन-जाफराबादकडे अजिंठ्याच्या रांगेचे डोंगर आणि चढउतार, दक्षिणेला अंबड-घनसावंगीकडे गोदावरीच्या काठची काळी कसदार जमीन, मधे दुधना आणि कुंडलिका. मुख्य रस्ते डांबरी किंवा सिमेंटचे, गावात शिरणारे मुरमाचे आणि शेतात जाणारे नुसत्या मातीचे. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर. पावसाळ्यात काळी माती चाकाला अशी चिकटते, की चाक फिरायचेच थांबते. आणि बारा महिने, रस्त्याच्या कडेला, बाभळीचे काटे. इथे सायकलीला कॅलिफोर्नियाचा उतार नाही, पण सोपे आयुष्यही नाही.

जालन्याच्या माणसाला खरे तर हे शिकवायची गरज नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे संकरित बियाण्यांची कंपनी काढली, तेव्हापासून हे गाव बियाण्यांचे गाव म्हणून ओळखले जाते; बारवाल्यांना १९९८ चे जागतिक अन्न पारितोषिकही मिळाले. आमचा शेतकरी पिशवीवरचे चित्र पाहून बियाणे घेत नाही. जमीन हलकी की भारी, पाणी किती, मागच्या वर्षी शेजाऱ्याच्या रानात काय झाले, हे विचारून घेतो. तोच शेतकरी मुलासाठी सायकल घेताना मात्र चित्र पाहून घेतो, याचे मला फार आश्चर्य वाटते.

तेव्हा सातशे रुपयांकडे वळू. माझे मत असे, की पहिला पैसा टायरवर आणि ट्यूबवर जावा. जमिनीला टेकणारा सायकलीचा हा एकच भाग. या सायकलींना येणारे मोठमोठ्या गाठींचे टायर मातीत पकड देतात, पण डांबरी रस्त्यावर ते घूं घूं आवाज करत निम्मी ताकद खातात, असे चालवणाऱ्याला वाटते. ज्या मुलाचा रोजचा रस्ता बहुतांश डांबरी आहे, त्याला मधे सलग पट्टी आणि कडेला गाठी असलेला, जरा कमी रुंदीचा टायर बरा. तो काळ्या मातीतही कमी चिखल गोळा करतो, कारण टायर आणि चिमटा यांच्यात जागा राहते. बाभळीच्या काट्यासाठी टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये घालायची पट्टी मिळते. नाही मिळाली, तर जुनी ट्यूब उभी चिरून तिची पट्टी घालणे हा आपल्याकडचा जुना इलाज आजही चालतो. हवा किती भरायची याचे आकडे टायरच्या बाजूवरच छापलेले असतात. दर आठवड्याला हवा पाहिली, तर निम्मी पंक्चरे आणि निम्मी वाकडी रिम टळतील. व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा असेल, तर पेट्रोल पंपावर हवा भरता येते, हेही घेतानाच पाहावे.

टायर घेताना एक फसवणूक टाळा. 'छब्बीस इंच' हे माप एकच नाही. मुलींच्या साध्या सायकलीचा २६ × १ ३/८ आणि माउंटन सायकलीचा २६ × २.१० हे दोन्ही 'छब्बीस'च म्हणवतात, पण पहिल्याच्या रिमचे माप ५९० मिलिमीटर आणि दुसऱ्याच्या ५५९ मिलिमीटर. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. टायरवर बारीक अक्षरांत ५४-५५९ असा जोडआकडा असतो. त्यातला दुसरा आकडा जुळला पाहिजे. साडेसत्तावीस इंचीला तो ५८४ असतो, एकोणतिशीला ६२२. हा आकडा कागदावर लिहून मगच दुकानात जावे.

दुसरा पैसा ब्रेकवर. डिस्क ब्रेक वाईट नाही. चिखलात रिम बरबटली तरी डिस्क उंच आणि कोरडी राहते, हा तिचा खरा फायदा आहे आणि आपल्या पावसाळ्यात तो कामाचा आहे. पण स्वस्त डिस्कची गादी एकाच बाजूने दाबते, पत्रा किंचित वाकला की घासत राहते. आणि घरातले कोणी प्रेमाने साखळीला तेल मारताना डिस्कवर दोन थेंब उडवले, की ब्रेक गेलाच म्हणून समजा. स्वस्त डिस्कपेक्षा रिमला दोन्ही बाजूंनी धरणारा साधा व्ही-ब्रेक आणि त्याला चांगल्या रबराच्या गाद्या हे कमी पैशांत जास्त विश्वासाचे. सायकल डिस्कचीच असेल, तर गाद्या आणि आतली-बाहेरची केबल बदलणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जाणवणारा बदल. आणखी एक गोष्ट फुकटात होते. बहुतेक ब्रेक लिव्हरला एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवला, की लिव्हर हँडलच्या जवळ येते. बारा वर्षांच्या मुलीची बोटे लिव्हरपर्यंत पोहोचत नसतील, तर जगातला उत्तम ब्रेक लावूनही उपयोग काय?

तिसरा विचार गियरचा. गियर म्हणजे वेग असा आपला समज आहे. वास्तविक गियर म्हणजे चढ. साध्या सायकलीत पुढे ४४ आणि मागे १८ दात असतात. पायडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे साडेपाच मीटर जाते. माउंटन सायकलीत पुढे २४ आणि मागे २८ दात लावले, तर एका फेऱ्यात ती पावणेदोन मीटरच सरकते. म्हणजे चढावर पायाचे काम तिपटीने हलके. भोकरदनच्या बाजूला, राजूरच्या गणपतीच्या टेकडीला किंवा अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या चढाला याचा उपयोग आहे. पण एकवीस गियरपैकी बरेचसे एकमेकांची पुनरावृत्ती असतात. खरोखर वेगळे असे दहा-बाराच. तेव्हा एकवीसचे चोवीस करण्यात पैसे घालू नयेत. त्याऐवजी साखळी वेळेवर बदलावी. ती केव्हा बदलायची, हे सुताराच्या टेपने घरी पाहता येते. एका पिनेपासून मोजले, तर चोविसावी पीन बरोबर बारा इंचांवर हवी. ती अर्धा सूत पुढे गेली, तर नवी साखळी घ्या. पूर्ण एक सूत पुढे गेली, तर तिने मागच्या चकत्याही खाल्ल्या, असे समजा. मग दोन्ही बदलावे लागते आणि खर्च काही पट होतो.

कॅरिअरवर चाऱ्याचा भारा किंवा खताची अर्धी गोणी नेणाऱ्या घरांनी मागच्या हबकडे लक्ष द्यावे. स्वस्त सायकलीत सात चकत्यांचे फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसवलेले असते. त्यात उजव्या बाजूचे छर्रे आत राहतात आणि एक्सलचे टोक आधाराशिवाय लोंबते. म्हणून वजनाने एक्सल वाकतो किंवा तुटतो. चांगल्या हबमध्ये, ज्याला फ्रीहब म्हणतात, छर्रे टोकाजवळ असतात. एक्सल दुसऱ्यांदा वाकला, तर तिसरा एक्सल न घालता मागचे चाकच फ्रीहबचे करून घ्यावे. सगळ्या बदलांत मोठा खर्च करण्याजोगा मला हा एकच वाटतो.

आणि शॉकअप? स्वस्त शॉकअपमध्ये स्प्रिंग असते, पण तिची उसळी थोपवणारी व्यवस्था नसते. खड्ड्यात ती दबते आणि लगेच उलटी उसळते. चढावर पायडल मारले, की मुलाची ताकद पुढे जाण्याऐवजी स्प्रिंग दाबण्यात जाते. शिवाय तिचे वजन. कोणाला खरोखर डोंगरवाटांवर सायकल चालवायची असेल, तर हवेवर चालणारा, उसळी आवरणारा चांगला चिमटा हवा. पण त्याची किंमत आपल्या पूर्ण सायकलीहून अधिक असते. तो स्वस्त सांगाड्यावर चढवणे म्हणजे पत्र्याच्या घराला सागवानी दरवाजा. माझा ठोकताळा असा, की बदलांची बेरीज सायकलीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाहून पुढे जाऊ लागली, तर थांबावे आणि पुढच्या सायकलीसाठी पैसे साठवावेत. सुटे भाग एकेक करून घेतले, तर ते नेहमीच पूर्ण सायकलीहून महाग पडतात.

बदलता येत नाही तो फक्त सांगाडा. म्हणून घेताना डोके तिथे चालवावे. शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा घेतो, तशी सायकलही वाढत्या मापाची घेण्याची आपल्याकडे रीत आहे. गणवेश ढगळ झाला, तर मुले हसतात. सायकल मोठी झाली, तर मूल पडते. दांड्यावर पाय फाकून उभे राहिल्यावर दोन-तीन इंच जागा उरली पाहिजे. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवली, तर पाय सरळ झाला पाहिजे. मागचा गियर ज्या लहानशा कानावर लटकतो, तो वेगळा काढता येतो का, हे पाहावे आणि घेतानाच तसा एक जादा मागून घ्यावा. सायकल आडवी पडली, की हा कान वाकतो, आणि मंठ्यात किंवा परतुरात तो त्या मॉडेलचा मिळेलच असे नाही. मग चाळीस-पन्नास रुपयांच्या धातूच्या तुकड्यासाठी छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते, किंवा सायकल जिन्याखाली जाते.

इथे प्रश्न एका घराचा राहत नाही. आमच्या भागातले एक सायकल दुरुस्त करणारे चाचा मला म्हणाले, 'सर, सायकल दिसायला मोटारसायकल झाली, पण दुरुस्तीचे पैसे देताना लोक तिला सायकलच समजतात.' यात सगळे आले. साध्या सायकलीचे आरे कसून आऊट काढणारा हात आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. गियर आणि डिस्क जुळवण्याचे प्रशिक्षण त्याला कोणी दिले? सायकल नवी आली, तिच्यामागून पान्हे, भाग आणि विद्या आली नाही. जालना लोखंडाच्या सळईसाठी देशात प्रसिद्ध आहे, इथल्या भट्ट्या रात्रंदिवस पेटलेल्या असतात. पण सायकलीचा साधा कान आपल्याला बाहेरून आणावा लागतो. आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत दोन-तीन महिन्यांचा सायकल दुरुस्तीचा वर्ग चालवणे फार अवघड आहे काय?

मानव विकास कार्यक्रमातून आपल्या जिल्ह्यातही आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. २०२२ मध्ये ही रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये झाली. योजना चांगली आहे. पण सायकलीचे आयुष्य खरेदीच्या दिवशी ठरत नाही, पहिल्या बिघाडाच्या दिवशी ठरते. मोठ्या घरातल्या मुलाची सायकल बंद पडली, तर त्याला मोटारसायकलवरून सोडणारे कोणी असते. त्या मुलीची बंद पडली, तर शाळेची वाट पायी पडते, आणि काही घरांत ती वाट तिथेच संपते. अशा योजनेत प्रत्येक शाळेला एक पंप, थोडे पान्हे, दोन ट्यूब आणि ब्रेकच्या काही गाद्या दिल्या, तर त्यांचा खर्च एका सायकलीहून जास्त होणार नाही.

रस्त्यांचेही तेच. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि जालन्याहून मुंबई-नागपूर जवळ आले. त्या रस्त्यावर सायकलीला जागा नाही, आणि ते योग्यच आहे. पण सायकलवाला मग जुन्या रस्त्याच्या कडेला, उसाच्या ट्रॉल्यांच्या आणि मालमोटारींच्या शेजारून जातो. म्हणून शॉकअपच्या आधी मागचा लाल दिवा, पुढचा दिवा आणि पायडलवर, मडगार्डवर चकाकणारी पट्टी लावावी. संध्याकाळच्या शिकवणीहून परतणाऱ्या मुलांच्या सायकली या हंगामात अंधारात पाहिल्या, की हा बदल किती स्वस्त आणि किती राहून गेलेला आहे हे कळते.

कर कमी करणे हे सरकारचे काम होते, ते झाले. सातशे रुपये कुठे लावायचे, हे आता घराने ठरवायचे आहे. ते आणखी एका स्प्रिंगमध्ये घातले, तर सायकल पहिल्या दिवशी शोभून दिसेल. टायर, ब्रेकच्या गाद्या आणि दिवा यांत घातले, तर ती पुढच्या पावसाळ्यातही शाळेच्या फाटकाशी उभी दिसेल.